इंग्रजीच्या तासाला गोष्ट सांगताना मुलांना विचार करायला कसं लावायचं

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. इंग्रजीच्या पुस्तकात गोष्टी असतातच, पण बऱ्याच वर्गांत त्या गोष्टींचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. बाई एक वाक्य वाचतात, मुलं एका सुरात मागून म्हणतात. फळ्यावर शब्दार्थ उतरतात. पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरं पाठातून शोधून वहीत लिहिली जातात आणि तास संपतो. ‘पाल भिंतीवरून पडत का नाही?’ असं परिसर अभ्यासाच्या तासाला विचारणारं मूल इंग्रजीच्या तासाला नुसती री ओढतं.

हा लेख नुकतेच शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठी आहे. शाळेत जाऊन इंग्रजी शिकवणारे स्वयंसेवक आणि घरी मुलांना गोष्टी सांगणारे आईवडील यांनाही तो वापरता येईल. उदाहरणं तिसरी ते पाचवीच्या वर्गातली आहेत, लहान मुलांसाठी काय बदलायचं ते पुढे ओघात येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. तिसरीतल्या मुलाची समज तिसरीचीच असते, फक्त त्याचं इंग्रजी बालवाडीतलं असतं. आपण त्याच्या इंग्रजीकडे बघून प्रश्न विचारतो, म्हणून ‘व्हॉट इज द कलर ऑफ द क्रो?’ असे प्रश्न निघतात. आठ वर्षांच्या मुलाला कावळ्याचा रंग विचारणं म्हणजे त्याचा अपमानच आहे. प्रश्न त्याच्या वयाचा हवा आणि उत्तर त्याच्या इंग्रजीला झेपेल एवढं छोटं चालायला हवं. प्रश्न मोठा, उत्तर छोटं. भाषा पक्की झाल्यावर विचार करायला लावू असं म्हणत राहिलो तर तो दिवस सातवीपर्यंत उजाडत नाही.

पहिली पायरी: गोष्ट निवडणं

पहिल्या चार-पाच वेळा मुलांना मराठीतून माहीत असलेलीच गोष्ट घ्या. ‘माहीत असलेल्या गोष्टीत विचार कसला?’ असं वाटेल. पण अनोळखी भाषेत अनोळखी गोष्ट ऐकताना मुलाची सगळी शक्ती ‘काय चाललंय’ हे कळण्यातच खर्च होते. गोष्ट ओळखीची असली की ती शक्ती ‘असं का?’ आणि ‘तसं झालं असतं तर?’ याकडे वळवता येते. तहानलेला कावळा, टोपीवाला आणि माकडं, म्हातारी आणि भोपळा, चिऊ-काऊ, ससा-कासव या गोष्टी जवळजवळ प्रत्येक घरात पोचलेल्या आहेत.

गोष्ट निवडताना बघायचं एवढंच की तिच्यात एक अडचण हवी आणि त्या अडचणीपाशी कुणालातरी काहीतरी ठरवावं लागायला हवं. कावळ्याला पाणी दिसतं पण चोच पोचत नाही. म्हातारीसमोर वाघ उभा आहे. अशा जागी गोष्ट थांबवता येते, आणि थांबलेल्या गोष्टीतच मुलं विचार करतात. ज्या गोष्टीत राजा, राणी, राजवाडा, बाग यांची नुसती वर्णनं आहेत ती शब्द शिकवायला बरी, या कामाला नाही.

गोष्टीच्या शेवटी छापलेलं तात्पर्य मात्र निर्दयपणे कापा. ‘गरज ही शोधाची जननी’ असं एकदा सांगून टाकलं की मुलांना विचार करायला काही उरत नाही. सगळ्यांना कळतं की उत्तर बाईंकडे आहे आणि ते आत्ताच मिळालं.

नवीन गोष्टी हव्या असतील तर मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघा. ते २०१५ साली सुरू झालं. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली असल्यामुळे मोफत उतरवून घेता येतात आणि छापता येतात. चार पातळ्या केलेल्या आहेत. वर्गासाठी पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या घ्या, मुलांचं वय जास्त असलं तरी. पुष्कळ गोष्टी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत, त्याचा उपयोग पुढे सांगते.

दुसरी पायरी: गोष्ट आपल्या वाक्यांत बसवणं

पुस्तकातली गोष्ट जशीच्या तशी सांगू नका. ती दहा-बारा छोट्या वाक्यांत स्वतः लिहून काढा. कावळ्याची गोष्ट अशी होईल: ‘अ क्रो वॉज थर्स्टी. ही फ्लू हिअर. नो वॉटर. ही फ्लू देअर. नो वॉटर. देन ही सॉ अ पॉट. देअर वॉज सम वॉटर इन द पॉट. बट द वॉटर वॉज टू लो.’ आणि इथे थांबायचं. पुढचं तुमच्या कागदावर असू दे.

‘नो वॉटर’ दोनदा आलं आहे ते मुद्दाम. परत परत येणारं वाक्य मुलं आपणहून बरोबर म्हणायला लागतात. तिसऱ्या वेळी तुम्ही नुसतं ‘ही फ्लू देअर’ म्हणून हात हलवलात की वर्गातून ‘नो वॉटर’ येतंच. भोपळ्याच्या गोष्टीतलं ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ तर मराठीतच ठेवा. त्याला हात लावायची काहीही गरज नाही.

नवे शब्द पाच-सहाच. थर्स्टी, पॉट, लो, स्टोन, ड्रॉप, राइज. हे हातवाऱ्यांनी आणि चित्राने कळले पाहिजेत. फळ्यावर चित्र काढायला चित्रकला लागत नाही, माठ आणि त्यात एक आडवी रेघ पुरते.

याखेरीज आणखी काही शब्द आहेत, ते पाठ्यपुस्तकाच्या शब्दसूचीत ठळकपणे दिसत नाहीत आणि या पद्धतीत सगळ्यात मोलाचे आहेत: ‘आय थिंक’, ‘मे बी’, ‘बिकॉज’, ‘इफ’, ‘आय डोन्ट अग्री’, ‘आय चेंज्ड माय माइंड’. यांना विचाराचे शब्द म्हणा. एका मोठ्या कागदावर लिहून फळ्याशेजारी चिकटवा आणि वर्षभर तिथेच राहू द्या. कावळा आणि माठ या गोष्टीबरोबर जातील. हे शब्द प्रत्येक गोष्टीत परत येतात, म्हणून तेच सर्वांत आधी मुलांच्या तोंडी बसतात.

तिसरी पायरी: सांगणं, थांबणं, वाट पाहणं

गोष्ट वाचू नका, सांगा. हातात पुस्तक असलं की नजर पुस्तकात राहते आणि मुलांचे चेहरे दिसत नाहीत. तुमचं इंग्रजी अगदी सफाईदार नाही म्हणून संकोच वाटत असेल तर आदल्या रात्री ती बारा वाक्यं दोन-तीनदा मोठ्याने म्हणा. एवढी तयारी पुरते.

पहिली-दुसरीत गोष्ट सांगताना मुलांना अंगाने सामील करून घ्या. कावळा उडाला की सगळ्यांनी उडायचं, माठात डोकावायचं. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच मांडलं: नवी भाषा आधी ऐकून अंगाने करावी, बोलणं मागून येतं. लहान मुलांचा विचारही त्यांच्या करण्यात दिसतो. ‘शो मी. हाऊ कॅन द क्रो ड्रिंक?’ म्हटलं की कुणी मान लांब करतं, कुणी माठ आडवा करून दाखवतं. तोंडातून शब्दही न निघता उत्तर मिळालेलं असतं.

‘बट द वॉटर वॉज टू लो’ म्हटल्यावर थांबा आणि विचारा: ‘व्हॉट कॅन द क्रो डू?’ मग गप्प राहा.

हे गप्प राहणं नव्या शिक्षकाला सगळ्यात जड जातं. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केला की मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. हे त्यांच्या ओळखीच्या भाषेतलं. आपल्या वर्गात मुलाला आधी प्रश्न समजून घ्यायचा असतो, मग विचार करायचा असतो, मग शब्द शोधायचे असतात. म्हणून मनातल्या मनात सावकाश सातपर्यंत मोजा. त्या वेळात प्रश्न परत विचारू नका, मराठीत भाषांतर करू नका, कुणाकडे बोटही दाखवू नका.

‘पण सगळ्यांना ती गोष्ट माहीत आहे, लगेच ‘दगड!’ म्हणतील.’ म्हणतीलच. तेव्हा म्हणा, ‘येस, स्टोन्स. बट नो स्टोन्स हिअर. ओन्ली सँड अँड लीव्ह्ज.’ आता वर्ग खरा जागा होतो. कुणी म्हणेल वाळू टाकू, कुणी म्हणेल पानाची नळी करू, कुणी म्हणेल मित्र बोलवून माठ कलंडवू. प्रत्येक कल्पना फळ्यावर छोट्या चित्राने आणि एका इंग्रजी शब्दाने मांडा: सँड, लीफ, फ्रेंड्स. मग मतं घ्या. आपलं मत एका चित्राखाली रेघ मारून नोंदवलेलं मूल पुढे काय होतं ते कान टवकारून ऐकतं.

चौथी पायरी: प्रश्न, आणि उत्तरावर आपलं बोलणं

इथे थोडं जास्त थांबू, कारण गोष्ट चांगली असून तास फसतो तो बहुतेक वेळा इथे.

एक-दोन शब्दांत उत्तर देता येईल पण दोन बाजू असतील असा प्रश्न शोधायचा. ‘व्हिच स्टोन इज गुड फॉर द क्रो? बिग ऑर स्मॉल?’ हा तसा प्रश्न. त्यातून वर्गात असं काहीतरी घडतं:

‘बिग!’
‘स्मॉल!’
‘व्हाय स्मॉल?’
‘बाई, मोठा त्याच्या चोचीत मावणार नाही.’
‘बिकॉज द बीक इज स्मॉल. ओके. अँड यू? व्हाय बिग?’
‘मोठ्या दगडाने पाणी लवकर वर येईल.’
‘बिग स्टोन, वॉटर कम्स अप फास्ट. मे बी. एनी अदर आयडिया?’
‘बाई, मोठा टाकला तर माठ फुटेल!’

या संवादात बाईंनी तीन गोष्टी केल्या आहेत. मुलाने मराठीत कारण सांगितलं तेव्हा त्याला थांबवलं नाही. त्याचं कारण लगेच इंग्रजीत, त्याला झेपेल अशा वाक्यात परत म्हटलं. म्हणजे ज्या क्षणी मुलाला ते वाक्य हवं होतं त्याच क्षणी ते त्याच्या कानावर पडलं. आणि कुठल्याच उत्तराला ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हटलं नाही.

हे तिसरं सगळ्यात अवघड. आपल्याला ‘शाब्बास’ म्हणायची सवय असते, पण पहिल्या उत्तराला ‘शाब्बास’ मिळाली की बाकीच्यांनी विचार थांबवलाच म्हणून समजा. ‘मे बी’, ‘इंटरेस्टिंग’, ‘हू थिंक्स डिफरंटली?’ ही तीन उत्तरं तोंडात बसवून घ्या. कौतुक करायचंच तर कारणाचं करा. ‘गुड आन्सर’ म्हणण्याऐवजी ‘यू गेव्ह अ रीझन’ म्हणा.

इंग्रजीच्या तासाला मराठी चालू द्यायचं का, यावर मुख्याध्यापक आणि पालक दोघेही हटकतील. माझं मत स्पष्ट आहे: विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत येऊ द्यावा, फक्त तो तिथेच सोडू नये. प्रत्येक मराठी कारणाचं एक छोटं इंग्रजी वाक्य तासाच्या आत फळ्यावर आलं पाहिजे आणि ज्याचा विचार होता त्याने ते एकदा म्हटलं पाहिजे. एवढी शिस्त पाळली तर मराठी इंग्रजीच्या आड येत नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी, गडचिरोलीत गोंडी बोलणारी, खानदेशात अहिराणी बोलणारी मुलं आहेत. त्यांच्यासाठी शाळेतली मराठीही शिकायचीच भाषा असते. तिथे कारण कोरकूत आलं तर तेही घ्या. तुम्हाला कळलं नाही तर शेजारचं मूल सांगेल आणि सांगतासांगता दोघांचाही विचार पक्का होईल.

बोलताना झालेल्या चुका त्या क्षणी सुधारू नका. ‘क्रो नो ड्रिंक’ असं मूल म्हणालं की ‘राइट, द क्रो कान्ट ड्रिंक. व्हाय?’ असं म्हणून पुढे जा. बरोबर रूप त्याला ऐकू आलं आणि विचाराची साखळीही तुटली नाही. वहीत लिहिताना मात्र सुधारणा कराव्यात. तिथे मुलाला थांबून बघायला सवड असते.

मोठ्या वर्गात चारच मुलं बोलतात ही अडचण खरी आहे. तिच्यावर सोपा उपाय आहे: प्रश्न विचारल्यावर आधी ‘टेल युअर पार्टनर’. मिनिटभर शेजाऱ्याशी बोलायचं आणि मग मी विचारेन तेव्हा शेजाऱ्याचं मत सांगायचं, आपलं नाही: ‘शी थिंक्स स्मॉल.’ लाजाळू मुलाला दुसऱ्याचं मत सांगायला भीती वाटत नाही, आणि ते सांगण्यासाठी नीट ऐकावंही लागतं.

पाचवी पायरी: करून बघणं

कावळ्याची गोष्ट मी पहिल्यांदा घ्या म्हणते त्याचं कारण हे आहे. ती वर्गात खरोखर करून बघता येते, आणि बघितल्यावर लक्षात येतं की गोष्टीत एक गोम आहे.

एक उभट पारदर्शक बरणी घ्या. साधारण पाव भाग पाण्याने भरा. साधारण सारख्या आकाराचे, बोराएवढे खडे मुलांनी मैदानातून वेचून आणावेत. आधी अंदाज: ‘विल द वॉटर कम टू द टॉप? येस ऑर नो?’ जवळजवळ सगळा वर्ग ‘येस’ म्हणतो, कारण गोष्टीत तसंच आहे. मग एकेक खडा टाकायचा आणि सगळ्यांनी म्हणायचं, ‘ड्रॉप! द वॉटर इज रायझिंग.’ पाणी चढतं आणि मुलं खूश होतात. खडे बरणीच्या अर्ध्याच्या वर जाईपर्यंत खडे पाण्याच्या पुढे निघून गेलेले असतात. बरणी काठोकाठ भरते, पण पाणी मध्येच कुठेतरी खड्यांच्या फटींत अडकून बसलेलं दिसतं. कावळ्याची चोच तिथे पोचणार नाही.

वर्गात शांतता पसरते ती इथे. ‘व्हाय?’

याचं कारण तुम्हाला माहीत असू द्या, पण सांगू नका. सारख्या आकाराच्या खड्यांनी भरलेल्या बरणीत जवळपास दोन पंचमांश जागा मोकळीच असते. पाणी आधी त्या फटी भरतं. म्हणून सुरुवातीचं पाणी दोन पंचमांशाहून कमी असेल तर ते वरपर्यंत येत नाही, जास्त असेल तर येतं. पाव बरणीने जमत नाही, अर्ध्या बरणीने जमतं. मुलांना विचारा, ‘हाऊ कॅन वुई हेल्प द क्रो?’ ‘मोअर वॉटर’ कुणीतरी म्हणतंच. ते करून बघा. ‘स्मॉलर स्टोन्स’ असंही कुणीतरी म्हणतं. तेही करून बघा. सगळेच लहान घेतले तर फारसा फरक पडत नाही, कारण फटी लहान झाल्या तरी त्यांची संख्या वाढते. पण मोठ्या खड्यांच्या फटींत बारीक वाळू ओतली की पाणी वर सरकतं. मघाशी जे मूल ‘सँड’ म्हणालं आणि ज्याला सगळे हसले त्याचा चेहरा त्या वेळी बघा. तो चेहरा दिसावा म्हणून तरी मघाची यादी फळ्यावर ठेवा.

घरी एकदा करून बघितल्याशिवाय हे वर्गात नेऊ नका. बरणी निमुळत्या तोंडाची असेल किंवा खडे फार लहानमोठे असतील तर निकाल बदलतो.

प्रयोगानंतर प्रत्येकाने एक वाक्य म्हणायचं: ‘आय वॉज राइट बिकॉज…’ किंवा ‘आय चेंज्ड माय माइंड बिकॉज…’. दुसरं वाक्य म्हणणाऱ्याला पहिल्याइतकाच मान मिळतो हे तुमच्या आवाजातून कळलं पाहिजे. पुरावा बघून मत बदलणं मोठ्यांनाही जड जातं. इथे मुलं ते परक्या भाषेत, हसतखेळत करतात.

पाचवीतल्या मुलांना पुढचंही सांगता येईल. २००९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या संशोधकांनी कावळ्याच्या कुळातल्या रूक या पक्ष्यांसमोर उभ्या नळीत पाणी ठेवलं. पाण्यावर अळी तरंगत होती, पण चोच पोचत नव्हती. पक्ष्यांनी नळीत दगड टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. लहान दगडांपेक्षा मोठे दगड त्यांनी पसंत केले. ‘बिग ऑर स्मॉल?’ या वादाचं उत्तर अशा रीतीने एका पक्ष्याकडून मिळतं, आणि लगेच नवा प्रश्न तयार होतो: आपला कावळा काय करेल?

सहावी पायरी: बरं-वाईट यावर बोलणं

सगळ्या गोष्टींचा प्रयोग होत नाही. काहींमध्ये वाद असतो, आणि तो तितकाच उपयोगी पडतो.

चिऊ-काऊ घ्या. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं, तो चिमणीच्या दारात आला. ती आतून म्हणत राहिली, थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते, थांब, तीट लावते. आपण ही गोष्ट इतक्यांदा ऐकलेली असते की चिमणीच्या वागण्याकडे लक्षच जात नाही. इंग्रजीत सांगताना प्रत्येक वेळी ‘वेट!’ येतं, मुलं ते जोरात म्हणतात, आणि मग प्रश्न: ‘वॉज द स्पॅरो काइंड?’ वर्गाचा एक कोपरा ‘येस’चा, एक ‘नो’चा. आपल्या मताच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. नक्की ठरत नसेल तर मध्ये. मग दोन्ही बाजूंनी कारणं. कारण पटलं तर कोपरा बदलायची मुभा. बाळ लहान होतं, आईला काम होतं, हे खरं. पाऊस पडत होता हेही खरं. एक मुलगी म्हणाली होती, ‘बाई, दार उघडून आत बसवायचं आणि मग आंघोळ घालायची.’ फळ्यावर गेलं: ‘फर्स्ट ओपन द डोअर, देन बाथ.’ फर्स्ट आणि देन हे दोन शब्द त्या वर्गाला वेगळे शिकवावे लागले नाहीत.

म्हातारी वाघाला सांगते, लेकीकडे जाते, जाड होऊन येते, मग मला खा. ‘डिड शी लाय? इज इट ओके टू लाय टू अ टायगर?’ यावर चौथीचा वर्ग पूर्ण तास बोलतो. टोपीवाल्याच्या गोष्टीत माकडाच्या बाजूने विचारा: ‘व्हाय डिड द मंकी टेक द कॅप?’ चोरी, खेळ की नक्कल?

गोष्ट ऐकून मुलांनी आपसात तर्काने बोलावं, ही कल्पना मॅथ्यू लिपमन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७० च्या दशकात शाळांमध्ये रुजवली. प्रश्न मुलांनीच काढायचे आणि शिक्षकाने निकाल द्यायचा नाही, ही त्यातली पथ्यं. आपणही काही आठवड्यांनी ‘आज प्रश्न तुम्ही काढा’ असं म्हणू शकतो. तेव्हा ‘व्हाय’ने सुरू होणारे प्रश्न किती निघतात ते बघा.

एक काळजी घ्या. वाद जात, धर्म किंवा कुणाच्या घरची परिस्थिती यांकडे सरकला तर शांतपणे गोष्टीतल्या पात्रापाशी परत आणा. ‘वुई आर टॉकिंग अबाउट द स्पॅरो.’ चिमणीबद्दल कुणीही काहीही बोलू शकतं, शेजारच्या मुलाच्या घराबद्दल नाही.

सातवी पायरी: थोडंसं लिहिणं

पानभर लिहायला लावू नका. कोऱ्या कागदाला दोन घड्या, तीन चौकटी: अडचण, माझा उपाय, पुढे काय झालं. प्रत्येकीत चित्र आणि एक वाक्य. वाक्याची सुरुवात फळ्यावर द्या: ‘द प्रॉब्लेम इज…’, ‘आय थिंक…’, ‘सो…’. ज्याला जमेल त्याने ‘बिकॉज’ जोडायचं. हे कागद वर्गात दोरीवर लावले की पुढच्या तासाला मुलं एकमेकांचे उपाय वाचतात, आणि परक्या भाषेत आपणहून वाचणं सुरू होतं.

वेळ, परीक्षा आणि पुढचं

आठवड्याला एकच गोष्ट, तीही दोन तासांत विभागून. पहिल्या तासाला अडचणीपर्यंत सांगणं आणि अंदाज, दुसऱ्याला शेवट, प्रयोग किंवा वाद आणि चौकटी. पुस्तकातला पाठ संपवायचा असतो हे मान्य आहे, म्हणून गोष्ट पुस्तकातलीच घ्या. वेगळा तास मागायला जाऊ नका, मिळणार नाही. पाठाखालचे प्रश्न शेवटच्या पंधरा मिनिटांत होतात, कारण तोवर गोष्ट मुलांना पाठ झालेली असते.

प्रगती मोजायला चाचणी लागत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तीन गोष्टी टिपत जा: कुणी न विचारता ‘बिकॉज’ म्हटलं, कुणी दुसऱ्याच्या मताला धरून बोललं, कुणी स्वतः प्रश्न विचारला. महिन्याने तेच पान बघा. ज्यांची नावं एकदाही आली नसतील त्यांच्याशेजारी पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बसा.

ओळखीच्या गोष्टींवर मुलं रुळली की अनोळखी गोष्टीकडे वळा, आणि इथे स्टोरीवीव्हरच्या दोन भाषांतल्या गोष्टी कामाला येतात. आधी नुसती चित्रं दाखवून ‘व्हॉट डू यू सी? व्हॉट विल हॅपन?’ विचारा, मग इंग्रजीतून सांगा. मराठी प्रत वर्गाच्या कोपऱ्यात ठेवून द्या. ज्याला आपला अंदाज बरोबर होता का ते पडताळायचं असेल ते मूल ती आपणहून उचलतं.

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमध्ये शिकवणाऱ्या मंडळींनी हेच सगळं उलटं करावं. तिथली मुलं विचार इंग्रजीत करतात, मराठी त्यांना तोडकी येते. त्यांना कारण इंग्रजीत सांगू द्या आणि ‘मला वाटतं’, ‘कारण’, ‘माझं मत बदललं’ हे भिंतीवर लावा. बरणी आणि खडे तेच.

सुरुवात येत्या सोमवारी करायची तर रविवारी एवढं करून ठेवा: बारा वाक्यं लिहिलेला कागद, विचाराच्या शब्दांचा तक्ता, एक पारदर्शक बरणी, आणि वाळूची एक छोटी पिशवी. ती मुलांना दिसणार नाही अशी टेबलाच्या खणात ठेवा. खडे मुलं आणतील.